आत्याच्या इंजिनाची शिकवणी

माझ्या आत्यानं जन्मभरात दोनच गोष्टींवर जीव टाकला. एक, वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक. दुसरी, तिची लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. या दोन गोष्टी एका घरात एकतीस वर्षं भांडण न होता कशा नांदल्या, याचं उत्तर सोपं आहे. गाडीला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आत्या वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, मांडीवर क्लिपचा पुठ्ठा ठेवायचा, आणि तो घाम पुसत असताना शांतपणे गुण कापायचे, हे तिचं काम. शहरातल्या निम्म्या लोकांना तिनं नापास केलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी तिच्या रजेच्या तारखा काढून मग अर्ज भरले होते. मी स्वतः दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा तर गाडी सुरू करायच्या आधीच. आरशाऐवजी मी तिच्याकडे बघून हसलो, असं कारण तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं. माझी आई त्यावरून नणंदेशी तीन महिने बोलत नव्हती. आत्याला ते उशिरा कळलं, कारण तिला वाटलं घरात शांतता आहे.

गाडी पन्नास वर्षांची. लांब नाक, बुटकी पाठ, उभी असतानाही पळत असल्यासारखी दिसायची. पळतानाही ती तशीच दिसायची, कारण आत्या तिला पस्तिसाच्या वर कधी नेत नसे. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, आणि कोपऱ्यावरचं लॉन्ड्रीचं दुकान यायच्या आत चौथा. मग इंजिन गुरगुरत, कुरकुरत, मिनिटाला जेमतेम बाराशे फेऱ्यांवर तिला बाजारात नेऊन आणी. वाघिणीला कोणी विणकाम शिकवावं, तसं ते दृश्य होतं. सायकलवाली मुलं बाजूनं पुढे निघून जायची आणि जाताना सांभाळून चालवा म्हणायची.

तर, नियम बदलले. जुन्या गाड्यांसाठी धुराची नवी चाचणी आली. गाडीची मागची चाकं लोखंडी रुळांवर चढवायची. रूळ असे अडून धरतात की जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीला वाटावं, आपण चढ चढतोय. दुसरा गिअर, ताशी पंचेचाळीस, तीस सेकंद, आणि धुरातला विषारी वायू एक टक्क्याच्या आत. आत्याची गाडी पहिल्यांदा गेली तेव्हा आकडा आला साडेचार. दुसऱ्यांदा आला चार. त्यानंतर पत्र आलं. आत्यानं ते गॅरेजमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचलं.

"तिसऱ्या वेळी अनुत्तीर्ण ठरल्यास वाहनाची नोंदणी कायमची रद्द करण्यात येईल. वाहन रस्त्यावर आणता येणार नाही. तथापि शोभेची वस्तू म्हणून बाळगण्यास हरकत नाही."

तिनं पत्राची घडी घातली.

"शोभेची वस्तू," ती म्हणाली. "माझ्या निरोप समारंभाच्या भाषणातही असंच काहीतरी होतं."

हे तिनं साध्या आवाजात म्हटलं, म्हणून आम्ही कोणी हसलो नाही. एरवी हसलो असतो.

ते गॅरेज होतं कानसेनचं. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल. सव्वीस वर्षं तो आत्याच्या गाडीचे हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर हातभर रबरी नळी कानाला लावून जुळवत आला होता. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, आणि डोळे मिटलेले. हवा आत जाताना सूं वाजते, त्या सुरावरून तो स्क्रू पिळायचा. आत्यानं त्याला परीक्षेत तीनदा नापास केलं होतं, आणि तरी गाडी त्याच्याशिवाय कोणाला हात लावू देत नसे. "त्यांना गाडी चालवता येत नाही," ती सांगायची, "उघडता येते."

"बाई, कार्ब्युरेटरनं हे व्हायचं नाही," कानसेन म्हणाला. "मी जीव तोडून जुळवले, तरी चाराच्या खाली आकडा येत नाही. त्यांचं वय झालं. माझंही झालंय, पण मला कोणी रुळांवर चढवत नाही म्हणून निभावतं."

"मग उपाय सांगा."

"वेगळ्या चुली."

आत्याला हे कळलं नाही, तेव्हा त्यानं फळीवरून एक वस्तू काढली. अपघातात मोडलेल्या एका दांडग्या मोटारसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी, ओळीनं चार पितळी रंगाचे घसे, प्रत्येकात एकेक झडप. "आत्ता कसं आहे? दोन कार्ब्युरेटर आणि जेवणारी तोंडं चार. एका चुलीवर दोन सिलिंडर. जो जवळ बसलाय त्याला भरपूर, लांबच्याला खरवड. एक अर्धपोटी, एक अजीर्ण झालेला, आणि मग धूर. आता प्रत्येकाला वेगळी झडप, वेगळा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलची पिचकारी. कोणाला किती पेट्रोल, ते संगणक ठरवणार."

"एकत्र कुटुंब मोडायचं म्हणता."

"बाई, चौघं पन्नास वर्षं एकत्र राहिली. आणखी किती राहायचं?"

संगणकाचं नाव निघालं, तशी कानसेनची सूनबाई आत बोलावली गेली. ती कपड्याच्या कारखान्यात भरतकामाची संगणकी यंत्रं चालवायची. चाळीस सुया एकाच वेळी चाळीस फुलं काढतात, त्यांना सांगायचं काम तिचं. चार इंजेक्टर म्हणजे तिला किरकोळ. सासऱ्याला ती एरवी 'बाबा' म्हणायची आणि रागावली की 'मामंजी'. त्या पाच आठवड्यांत 'मामंजी' बरंच ऐकू आलं.

कामाला सुरुवात झाली. मोटारसायकलच्या घशांमधलं अंतर वेगळं आणि गाडीच्या इंजिनाच्या तोंडांमधलं वेगळं, म्हणून संच कापून, सरकवून, इंजिनात हवा नेणाऱ्या नव्या मॅनिफोल्डवर बसवावा लागला. टाकीजवळ जोरदार दाबाचा पंप आला, आणि न वापरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी. क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती बसली. तिचा एक दात मुद्दाम गाळलेला असतो. फिरताना तो मोकळा खड्डा आला की संगणकाला कळतं, इंजिन कुठवर आलं. कानसेनला हे फार आवडलं. पडलेल्या दाताचा असा उपयोग त्याच्या दंतवैद्यानं कधी सांगितला नव्हता. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर गेला. तो धूर चाखून संगणकाला चहाडी करणार. डॅशबोर्डमधल्या कप्प्यात संगणकाचा डबा बसला, आणि आत्याचं नियमांचं पुस्तक एक बोट उजवीकडे सरकलं. त्यावर तिनं तोंडी निषेध नोंदवला.

माझं काम बॅटरी धरून उजेड पाडायचं. तो मी नेहमी चुकीच्या जागी पाडायचो, यावर तिघांचंही एकमत होतं. पाच आठवड्यांतलं तेवढंच.

खरी जुंपली ती चार झडपा जुळवताना. चौघांना सारखी हवा जायला हवी. सूनबाईनं हवा मोजायचं एक काचेचं मीटर आणलं आणि चारही तोंडांना लावलं. चारही ठिकाणी काटा एकाच आकड्यावर.

"झालं," ती म्हणाली.

कानसेननं नळी कानाला लावली. एक, दोन, तीन. तिसऱ्यापाशी थांबला. "हा चोरून पितो."

"बाबा, काटा बघा."

"काट्याला कान कुठेत?"

"मामंजी, चारही सारखे आहेत."

"तोंडानं सारखे पितायत गं. हा तोंडानंही पितो आणि आणखी कुठून तरी पितो." त्यानं नळीचं टोक झडपेच्या खाली, जोडावर नेलं, डोळे मिटले, आणि मग नळी तिच्या कानात दिली. तिथे बारीक फुसफुस होती. पॅकिंग नखाएवढं दुमडलं होतं आणि तिथून हवा आत शिरत होती. मीटर वरच्या तोंडाशी बसलेलं, त्याला खालची चोरी दिसणार कशी? सूनबाईनं जोड उघडला, पॅकिंग बदललं, आणि दिवसभर सासऱ्याला एकदाही मामंजी म्हटलं नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा आम्ही दोन पावलं मागे सरलो. चार मोकळ्या घशांचा एकत्र आवाज. गुरगुर नव्हे, स्वच्छ, खणखणीत, जणू कोणी कित्येक वर्षांनी छाती भरून श्वास घेतोय. कानसेननं चष्मा काढून पुसला. आत्या म्हणाली, "आवाज नियमात बसतो ना?" मी मोबाइलवर मोजून दाखवला. बसत होता.

मग सूनबाईनं आत्याला शेवटचं समजावलं. "काकू, संगणकात एक तक्ता आहे. आडवे फेरे, उभी झडप किती उघडली ते. सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन चौकोन. प्रत्येक चौकोनात लिहायचं, इथे किती पेट्रोल. मी आत्ता अंदाजपंचे आकडे भरलेत. तुम्ही गाडी चालवत राहा. सेन्सर धूर चाखेल आणि जिथे जिथे गाडी जाईल तो चौकोन संगणक स्वतः दुरुस्त करेल. तुम्ही काहीच करायचं नाही. वीस दिवस नेहमीसारखी चालवा."

जगात इतर कोणालाही हे वाक्य सांगितलं असतं तर चाललं असतं.

चाचणी गुरुवारी अकरा वाजता होती. मंगळवारी दुपारी सूनबाईनं लॅपटॉप बॉनेटवर उघडला. शिकून झालेले चौकोन हिरवे दिसतात. तिनं पडद्याकडे बघितलं, चष्म्याची काच पुसली, पुन्हा बघितलं.

"काकू, वीस दिवस चालवलीत ना?"

"रोज. सकाळी दहा ते अकरा. एक दिवसही चुकवला नाही."

"किती वेगानं?"

"नेहमीच्या."

पडद्यावर दोनशे छप्पनपैकी एकोणीस चौकोन हिरवे होते. सगळे डाव्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. मोठ्या चादरीच्या कोपऱ्यात कोणी एक फूल भरावं आणि तिथेच झोपी जावं, तसे. बाकी सगळी चादर राखाडी.

"गाडीला अठराशे फेऱ्यांच्या पुढे जग आहे, हेच माहीत नाही," सूनबाई म्हणाली.

कानसेननं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, नेहमीसारखी म्हणालीस? यांना? नेहमीसारखी?"

"मला काय माहीत, मामंजी, स्पोर्ट्स कार कोणी बाबागाडीसारखी ढकलतं!"

"मी इथेच उभी आहे," आत्या म्हणाली.

"चाचणी किती फेऱ्यांवर?" मी विचारलं.

"पंचेचाळिसाला दुसऱ्या गिअरमध्ये साधारण साडेतीन हजार, आणि वर चढाचा ताण. तो सगळा भाग राखाडी आहे. तिथे माझे अंदाजाचे आकडे आहेत, आणि इंजिन बंद पडू नये म्हणून मी ते सढळ हातानं भरलेत. काळा धूर निघेल. संगणक ऐन वेळी चूक सुधारतो, पण दहा टक्क्यांपर्यंत. त्यापुढे हात वर करतो, सरकारी माणसासारखा."

आत्यानं तिच्याकडे बघितलं. सूनबाईनं लॅपटॉपकडे बघितलं.

"मग इथेच उभ्या उभ्या साडेतीन हजार फिरवू," मी म्हणालो.

"ताण नाही ना तिथे," सूनबाई म्हणाली. "रिकाम्या पोत्याला ओझ्याची काय कल्पना?"

"दुसरं कोणी जोरात चालवेल," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोलतच होतो.

"कोण?" आत्या म्हणाली. "विमा माझ्या एकटीच्या नावावर आहे. ही लॅपटॉप धरणार. तू मला माहीत आहेस. राहिले हे." तिनं कानसेनकडे नजर वळवली.

"चौथ्या वेळी पास झालो होतो, बाई," कानसेन बुटांकडे बघत म्हणाला.

"मी रजेवर होते."

आत्यानं गाडीच्या दारावर हात ठेवला होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी नीट चालवते म्हणून ही घरी बसणार."

त्यावर सूनबाई एकदम सरळ झाली. "काकू, वेग नकोच आहे आपल्याला. फेरे हवेत. पाण्याच्या टाकीचा चढ आहे ना? दोन किलोमीटर, सरळ, रहदारी नाही. मर्यादा पन्नासची. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये पंचेचाळीसनं चढायचं. नियम एकही मोडत नाही आणि इंजिनाला तोच ताण, जो रुळांवर."

"दुसऱ्या गिअरमध्ये पंचेचाळीस?" आत्या दचकली. "इंजिन किंचाळेल. गिअर वेळेत न बदलणे, दोन गुण वजा. मी स्वतः हजारो लोकांचे कापलेत."

"पुस्तकात मनाई आहे का?"

आत्यानं डॅशबोर्डमधल्या कप्प्यातून पुस्तक काढलं आणि कानसेनच्या स्टुलावर बसून वाचायला घेतलं. पहिल्या पानापासून. आम्ही चहा केला, प्यायलो, कप धुऊन ठेवले. तासाभरानं तिनं बोट ठेवून मान वर केली.

"पान बासष्ट. चढावर इंजिनास गुदमर होऊ नये म्हणून खालचा गिअर वापरावा." तिनं पुस्तक मिटलं. "मी हे एकतीस वर्षं लोकांकडून पाठ करून घेतलं. गाडीला कधी वाचून दाखवलं नाही."

बुधवारी सकाळी नऊ वाजता आम्ही चढाच्या पायथ्याशी. आत्या स्टिअरिंगवर, शेजारी सूनबाई मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि गाडीत जागा नसल्यामुळे कानसेन आणि मी कठड्यावर. गाडी निघाली. पहिला, दुसरा, आवाज चढला, चढला, आणि बावीसशेच्या आसपास ढेपाळला. वरून गाडी परत आली.

"पाय उचलला जातो," आत्या म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मी नाही उचलत. तोच उचलतो."

दुसरी खेप. पुन्हा बावीसशे. तिसरी. तेच. कानसेन डोळे मिटून ऐकत होता आणि दर वेळी मान हलवत होता. पोरगं दारापर्यंत जातं आणि परत आईच्या पदराआड लपतं, असं तो म्हणाला. कोणाबद्दल म्हणाला ते मी विचारलं नाही.

चौथ्या खेपेआधी सूनबाई गाडीतून उतरली. माझ्याकडे येऊन पुठ्ठा मागितला. मी खोक्याचं झाकण फाडून दिलं. कानसेनच्या कानावरची पेन्सिल तिनं घेतली. गाडीत बसून झाकण मांडीवर ठेवलं, पाठ ताठ केली आणि आत्याकडे न बघता, समोर बघत, म्हणाली:

"उमेदवारानं सूचना एकदाच ऐकावी. दुसरा गिअर. ताशी पंचेचाळीस. टाकीपर्यंत तोच वेग राखावा. वेग कमी झाल्यास अनुत्तीर्ण. प्रश्न आहेत?"

आत्याचा कणा आपोआप ताठ झाला. "नाहीत."

"आरसा."

आत्यानं आरसा बघितला. गाडी निघाली. आवाज बावीसशेच्या पुढे गेला, पंचवीसशे, अठ्ठावीसशे, चौतीसशे, आणि मग जरासा उतरला. वरून परत आल्यावर सूनबाईनं झाकणावर काहीतरी खरडलं.

"अनुत्तीर्ण," ती म्हणाली.

माझ्या माहितीप्रमाणे आत्याला हा शब्द जन्मात पहिल्यांदा कोणी ऐकवला. तिची मान लाल झाली. "कारण?" तिनं विचारलं.

"उमेदवारानं शेवटच्या टप्प्यात वेग चाळीसवर आणला."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली, आणि कोणी सांगायच्या आत गाडी वळवून पुन्हा पायथ्याशी आणली.

त्यानंतर जो आवाज त्या चढानं ऐकला तो मी कसा सांगू? चार घसे एका सुरात गात होते आणि थांबत नव्हते. साडेतीन हजारांवर इंजिन किंचाळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते तिथे आरामात असतं. किंचाळत होतं ते इतके दिवस बाराशेवर. यातल्या पहिल्या दोन खेपांना मागे काळा धूर होता, तिसरीला करडा, चौथीला काही नाही. कानसेन कठड्यावर उभा राहिला होता आणि हातानं ताल धरत होता. रस्त्यानं कुत्रं घेऊन फिरणारे एक गृहस्थ थांबले. "कोण चालवतंय?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं. ते बराच वेळ चढाकडे बघत राहिले. त्यांनाही तिनं नापास केलं असणार.

एक वाजता आत्या उतरली. केस विस्कटलेले, तळहात घामानं ओले. पडद्यावर डाव्या कोपऱ्यातून एक हिरवा पट्टा आडवा, तिरका, थेट मधोमध गेला होता.

"उत्तीर्ण?" तिनं विचारलं.

"उत्तीर्ण," सूनबाई म्हणाली. "सिग्नल देण्यात एक गुण गेला."

"कुठे?" आत्या म्हणाली, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर त्या एका गुणासाठी भांडत राहिली.

गुरुवारी तपासणी केंद्रावर नऊ गाड्यांची रांग होती. आमचा नंबर सातवा. तपासनीस तरुण, नीटनेटका, घाईत. त्यानं गाडी रुळांवर घेतली, सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पंचेचाळीसवर नेली. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उजळला. शून्य पूर्णांक सहा. हलेना. शून्य पूर्णांक सहा. कानसेननं माझा दंड धरला होता, आणि तो माणूस नट हातानं घट्ट करतो, हे लक्षात घ्या. मग तपासनिसानं पाय काढला, इंजिन शांत केलं, खाली उतरला आणि कागदावर शिक्का मारायला घेतला.

"पास," तो म्हणाला. "नंबर आठ!"

कानसेननं सूनबाईच्या पाठीवर थाप मारली. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"एक मिनिट," आत्या म्हणाली.

आम्हा तिघांना तो आवाज ओळखीचा होता. मी हात खाली केले.

"नियमात तीस सेकंद आहेत. तुम्ही वीस मोजलीत."

तपासनीस गोंधळला. "बाई, आकडा स्थिर होता. पास झालात तुम्ही."

"गाडी पास व्हायचीय, मी नाही. तीस."

"अहो बाई," कानसेन कळवळून म्हणाला, "कागद मिळालाय! घ्या आणि चला!"

"काकू, प्लीज," सूनबाई म्हणाली. "एक टक्क्याच्या वर गेला तर नोंदणी रद्द होईल. कायमची."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली, का कोण जाणे. "मी वीस सेकंदांत कोणाला पास केलं असतं तर रस्त्यावर आज काय असतं? हिला एकतीस वर्षं मी पस्तिसाच्या वर नेलं नाही, कारण मला वाटायचं तिला झेपणार नाही. आता झेपतं की नाही ते पूर्ण बघू द्या. अर्ध्या पासावर तिला रस्त्यावर नेणं म्हणजे अजूनही माझा विश्वास नाही."

तपासनिसानं शिक्का बाजूला ठेवला. रांगेतल्या कोणीतरी हॉर्न वाजवला. आत्यानं मागे वळून बघितलं. हॉर्न पुन्हा वाजला नाही.

रूळ पुन्हा फिरू लागले. पंचेचाळीस. शून्य पूर्णांक सहा. आत्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं मोजत होती. पंधरा. वीस. बावीस. इंजिन तापलं होतं; चोविसाव्या सेकंदाला रेडिएटरचा पंखा सुरू झाला, वेग जरा पडला, तपासनिसानं पाय दाबला. आकडा सात. आठ. शून्य पूर्णांक नऊ. कानसेननं डोळे मिटले. सूनबाईनं ओठ चावला. आत्या मोजत राहिली, आवाजात काही फरक नाही. "सव्वीस." शून्य पूर्णांक नऊ. "सत्तावीस." आठ. संगणकानं आपलं चुकलं हे कबूल केलं होतं. "अठ्ठावीस." सात. "एकोणतीस. तीस."

शून्य पूर्णांक सहा.

तपासनीस खाली उतरला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी कागद आत्याला दिला. तिनं तो वरून खालपर्यंत वाचला. "तारीख राहिली," ती म्हणाली. त्यानं तारीख घातली. मग ती गाडीजवळ गेली आणि बॉनेटवर नुसता तळहात ठेवून उभी राहिली. बॉनेट चांगलंच तापलेलं असणार. तिनं हात काढला नाही.

एवढ्यात आमच्या आधीच्या, सहाव्या नंबरच्या, जुन्या हिरव्या गाडीचा मालक कानसेनजवळ आला. पन्नाशीचा, गुबगुबीत, सूट घातलेला. तो नुकताच दुसऱ्यांदा नापास झाला होता आणि त्याच्या मागे अजून धूर तरंगत होता. "तेच चार घसे मला बसवून द्याल का? काय काय लागतं?"

"बसवायला पाच आठवडे," कानसेन म्हणाला. "पण नुसतं बसवून भागत नाही. नंतर गाडीला शिकवावं लागतं. ते या बाई करतात."

मला वाटलं, आत्या नाही म्हणेल. तिनं त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आधी तुम्ही चालवता कशी, ते दाखवा."

"मी? मी पंचवीस वर्षं चालवतोय!" तो हसला.

आत्या हसली नाही. तिनं माझ्यापुढे हात केला. मी खिशातलं कालचं, घडी घातलेलं फाटकं झाकण दिलं, कानसेननं पेन्सिल दिली. ती हिरव्या गाडीत त्या माणसाच्या शेजारी बसली, पट्टा लावला, पाठ ताठ केली. गाडी आवाराला एक फेरी मारायला निघाली. पहिल्याच वळणावर ती अचानक थांबली, थोडी मागे आली, पुन्हा निघाली. चार मिनिटांनी परत आली.

माणूस उतरला. त्यानं टाय सैल केला होता.

"काय म्हणाल्या?" कानसेननं विचारलं.

"पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या," तो म्हणाला. "आरसे बघून."